उतारावरचा कंदील

आमच्या कोपऱ्यावर फुटपाथ जिथे संपतो तिथे पालिकेने एक उतार केला आहे. बाबागाडी, चाकाची खुर्ची, भाजीची ढकलपिशवी असं काही घेऊन येणाऱ्याला पायरी न उतरता रस्ता ओलांडता यावा म्हणून. उतारापर्यंत अंध माणसांसाठी पिवळ्या खडबडीत फरश्यांची पट्टीसुद्धा बसवली आहे. काम अगदी मनापासून केलेलं आहे. ती पट्टी धरून डोळे मिटून चालत गेलं, तर माणूस नेमका आमच्या इमारतीतल्या कीर (म्हणजे श्रीयुत) अनेस्तिस यांच्या गाडीच्या बंपरपाशी पोहोचतो.

मी पुरातत्त्वाची पदवी घेतली आहे. शिकत असताना दोन उन्हाळे एका प्राचीन नगराचा रस्ता खणण्यात घालवले. तिथे दगडांवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या रस्त्याच्या मधोमध होत्या आणि माणसं चालायची ती जागा दोन्ही कडांना, उंचावर, मोकळी होती. अशी व्यवस्था मी प्रत्यक्षात तेवढी एकदाच पाहिली. पीरियस बंदराच्या मागे टेकडी चढत गेलेल्या आमच्या वस्तीत गाड्या कडेला, उंचावर, सावलीत असतात आणि माणसं मधोमध चालतात.

माणसं चालोत. पण माझ्याबरोबर मिर्तो असते. मिर्तो नुकती सव्वा वर्षाची झाली आहे आणि तिला रोज सकाळी पाळणाघरात पोहोचवायचं असतं. उतारावर गाडी असली की बाबागाडी मागच्या चाकांवर तोलून पायरीवरून खाली घ्यायची, कडू संत्र्याच्या झाडाला वळसा घालायचा आणि भर रस्त्यातून चालायचं. मागून टेकडी उतरत बस येते. बस मिर्तोला फार आवडते. ती हात हलवते. मी श्वास रोखून धरते. एका सकाळी बसच्या बाजूच्या आरशाने मिर्तोची टोपी उडवली. टोपी सापडली, मिर्तो हसली, बसवाल्याला काही कळलंही नाही. ही गोष्ट मी घरी कुणाला सांगितली नाही, कारण सांगताना ती मला पुन्हा ऐकावी लागली असती.

नवऱ्याला फक्त एवढंच म्हटलं की उतार मोकळा हवा. थ्रासोस बोटींच्या तिकीट कार्यालयात कामाला आहे. दिवसभर लोकांना रांगेत उभं राहायला सांगून त्याचा माणसांवरचा विश्वास संपलेला असला, तरी सल्ले शिल्लक असतात.

"अनेस्तिसना सांग की सरळ," तो म्हणाला.

"तू सांग."

"मी सांगितलं तर भांडण होईल. तू सांगितलंस तर बोलणं होईल."

तर बोलणं झालं. कीर अनेस्तिस आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. जिन्यातले दिवे, पाण्याची टाकी आणि सगळ्यांच्या घरातल्या बातम्या हे त्यांचं खातं. ते पहिल्या मजल्यावर राहतात आणि पलीकडच्या गल्लीतल्या पाववाल्याकडे गाडीने जातात.

"कीर अनेस्तिस, तुमची गाडी उतारावर आहे."

"उतारावर कुठे? फुटपाथवर आहे. तीही अर्धीच."

"मग बाबागाडी कशी नेऊ मी?"

"पण पोरी, मी चारी दिवे लावले होते की."

हे चार दिवे म्हणजे आमच्याकडची मोठी सोय आहे. गाडीचे चारी दिवे एकदम लुकलुकायला लागले की ती गाडी तिथे नसतेच. चौकात, दवाखान्याच्या दारात, दुसऱ्या गाडीला खेटून, कुठेही उभी करा आणि चारी दिवे लावा. दिवे लुकलुकतात तोवर मालक "आत्ता येतोय" असं धरायचं, मग तो केस कापायला गेलेला का असेना.

"दिवे आत्ता तर बंद आहेत," मी म्हटलं.

"रात्रभर चालू ठेवले तर बॅटरी नाही का उतरायची?" कीर अनेस्तिस समजुतीच्या सुरात म्हणाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि तू हे बोलतेस? मिर्तोच्या वेळी तुला कळा सुरू झाल्या तेव्हा इस्पितळात कुणी नेलं? गाडी दारात होती म्हणून वेळेवर पोहोचलीस. वर शाळेपाशी लावली असती तर ही पोर जिन्यातच झाली असती."

माणूस वाईट असता तर भांडण किती सोपं झालं असतं. त्यांनी माझ्या पिशव्या घेतल्या, वर आणून दिल्या आणि जाताना मिर्तोला अंजीर दिलं. ते तिच्या घशात अडकेल म्हणून मी काढून घेतलं, तर ती रडली. म्हणजे त्या दिवशी घरात सर्वांत निष्ठुर मीच ठरले.

मग मी पालिकेला फोन केला. पालिकेतल्या बाई फार सुशिक्षित बोलल्या. उतार बांधकाम खात्याचा, फुटपाथ बागा खात्याचा (संत्र्याच्या झाडामुळे), आणि गाडी पालिकेच्या पोलिसांची. पोलिसांना जोडून दिलं.

"गाडी आत्ता तिथे आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"आम्ही येईपर्यंत राहील का?"

"ती नेहमीच असते."

"नेहमीच असते म्हणजे रहिवाशाची आहे. रहिवाशाला उचललं की तक्रारी येतात, बाई. बाहेरच्या कुणाची लागली तर कळवा."

तळमजल्यावरच्या कीरा (म्हणजे श्रीमती) पोलिक्सेनींनी हे सगळं खिडकीतून ऐकलं होतं. त्या विधवा आहेत, गुडघे गेलेले, चालताना चार पायांचा वॉकर पुढे सरकवतात. उतार बंद असल्याने त्या बऱ्याच दिवसांत रस्त्यापलीकडे गेलेल्या नव्हत्या. पण तक्रार नव्हती. पलीकडे तसं बघण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत होतं.

"फोन कसले करतेस?" त्या म्हणाल्या. "खुर्ची ठेव."

आमच्या रस्त्यावर खुर्चीला जे वजन आहे ते पालिकेच्या पाटीला नाही. वेताची, प्लास्टिकची, तीन पायांची, कसलीही खुर्ची रस्त्यात ठेवली की जागा धरलेली असते आणि तिला हात लावणाऱ्याच्या आईबापांचा उद्धार होतो. मी स्वयंपाकघरातली खुर्ची खाली नेऊन उतारावर ठेवली. त्या दिवशी संध्याकाळी घंटा वाजली. दारात कीर अनेस्तिस, एका हातात माझी खुर्ची, दुसऱ्या हातात मुरांब्याची बरणी, आणि डोळे भरून आलेले.

"माझ्यासाठी जागा धरून ठेवलीस," ते म्हणाले. "पोटची पोरगी करणार नाही."

त्यांना पोटची पोरगी नाही. मी बरणी घेतली. थ्रासोसने त्या मुरांब्याबरोबर अर्धा पाव खाल्ला आणि म्हणाला, की खुर्ची हलकी पडते, जड काहीतरी हवं.

जड वस्तू त्यानेच आणली, हे मी मान्य करते. गावाकडून ऑलिव्हचं तेल येतं तो पत्र्याचा मोठा डबा. त्यात खाली दगड भरले, वर माती. कीरा पोलिक्सेनींनी त्यांच्या खिडकीतल्या बारीक पानांच्या तुळशीचं रोप दिलं. डबा आम्ही उतारावर एका अंगाला अशा बेताने ठेवला की बाबागाडी आणि वॉकर सहज जाईल, पण गाडीला तोंड घालता येणार नाही. थ्रासोसची कंबर लचकली. तो आत जाऊन आडवा झाला आणि ते प्रकरण त्याच्या बाजूने संपलं.

माझ्या बाजूने संपलं नाही. मी खिडकीत उभी राहून विचार करायला लागले. संध्याकाळी कुणी अडखळलं तर? एखादा मोटारसायकलवाला वळताना डब्यावर आपटला तर? मुलं झाली की बाईच्या डोक्यात असे "तर" कायमचे मुक्कामाला येतात. मग मी गच्चीवरचा आमचा कंदील आणला. पत्र्याचा, घरासारखा, वर उतरतं छप्पर, पुढे लहानसं दार आणि दाराला लाल काच. आत बॅटरीवरची मेणबत्ती. झाडूच्या दांड्याला पांढरा रंग दिला, दांडा डब्यातल्या मातीत खोल खोचला आणि गाडीवाल्याच्या डोळ्यासमोर येईल अशा उंचीवर कंदील बसवला. काळोख पडायला लागला होता. लाल उजेड तुळशीवर पडला. छान दिसतंय, असं मला वाटलं.

आता आमच्याकडे कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही वळणावर गेलात तर खांबावर असं पत्र्याचं घर दिसतं. आत दिवा, एक संत, कधी एखादा फोटो. तिथे कुणीतरी अपघातात गेलेलं असतं. हे इथलं शेंबडं पोरही ओळखतं. परीक्षेत नवसाच्या वस्तूंवर मी वीस पानं लिहिली होती. आणि मला काय दिसलं, तर कंदील. मला तेव्हा सगळीकडे फक्त मिर्तोच दिसायची, दुसरं काही दिसतच नव्हतं, एवढंच मी माझ्या बाजूने सांगू शकते.

सकाळी उतार रिकामा होता. नुसता रिकामा नाही, त्याच्या आसपासही कुणी गाडी लावली नव्हती. कीर अनेस्तिसांची गाडी बरीच पुढे, रस्त्यात, चारी दिवे लावून. मी बाबागाडी उताराला लावली आणि ती अशी अलगद खाली गेली की मला रडू आलं. एक अनोळखी बाई डब्यासमोर थांबली, तिने छातीवर क्रूस काढला, माझ्याकडे पाहिलं आणि माझे ओले डोळे पाहून माझा दंड दाबला. मागून बस आली. तिने वेग इतका कमी केला की मला वाटलं बंद पडली. बसवाल्यानेही क्रूस काढला. मिर्तोने हात हलवला. त्याने गंभीरपणे मान लववली.

परत आले तर कीरा पोलिक्सेनी खिडकीत.

"कोण होतं गं?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"कुठे?"

"बरं, नको बोलूस. मला कळतं. मीही वर्षभर त्यांचं नाव घेऊ शकत नव्हते."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात त्यांनी वॉकर घेतला, दार ओढून घेतलं, उतारावरून सावकाश खाली गेल्या आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या मेणबत्तीवाल्याकडे पोहोचल्या. कित्येक महिन्यांनी. मी तोंड मिटलं.

दुपारपर्यंत मेलेल्याला आकार आला. प्रथम तो घरोघर जेवण पोहोचवणारा मोटारसायकलवाला मुलगा होता. पाववाल्याकडे त्याची एक म्हातारी आई तयार झाली. संध्याकाळी मी जिना चढत असताना कीर अनेस्तिस कुणाला तरी सांगत होते, "मी आवाज ऐकला होता. ब्रेकचा. अजून कानात आहे."

"कधी ऐकलात?" मी विचारलं.

"तेव्हाच," ते म्हणाले आणि क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. "आणि मी तिथे गाडी लावत होतो, पोरी. त्या जागेवर. मला कुणी सांगितलंही नाही."

मग संत आले. पहिल्यांदा कंदिलात संत स्टिलियानोस आले, कारण कीरा पोलिक्सेनींनी आणले. ते तान्ह्या मुलांना सांभाळतात, त्यांच्या हातातच कापडात गुंडाळलेलं बाळ असतं. मोटारसायकलवाल्याला त्यांचा काय उपयोग, असं कीर अनेस्तिसांनी विचारलं, तर म्हणे, आईला शेवटपर्यंत तान्हाच असतो. उत्तर बिनतोड होतं. म्हणून कीर अनेस्तिसांनी न बोलता स्वतःच्या गाडीच्या आरशाला टांगलेले संत ख्रिस्टोफर काढून आणले. ते गाडी चालवणाऱ्यांचे. कंदील एवढासा, संत दोन. सकाळी गाडीवाल्यांचे पुढे आणि बाळांचे मागे, दुपारी बाळांचे पुढे आणि गाडीवाल्यांचे मागे. या दोघांनी तोंडाने एक शब्द काढला नाही. फक्त दार उघडल्याचा बारीक आवाज यायचा.

लोक खरी तेलाची वात लावू लागले. तुळशीला इतक्या जणांनी पाणी घातलं की ती सडायला आली आणि दुसरी लावली गेली. वाक्य लहान आहे, पण आमच्या रस्त्यावर एखादी सार्वजनिक वस्तू खराब झाल्यावर बदलली गेली, हे मी प्रथमच पाहत होते.

दिवस सुखाचे होते आणि मी घाबरून अर्धी झाले होते. कारण साधं होतं. तान्ह्या पोरीला घेऊन मी रोज एका मृत्यूच्या खुणेशेजारून जात होते आणि ती खूण मीच लावली होती. नसलेल्या मरणाला दिवा लावला की ते कधीतरी वसूल करायला येतं, असं काही मी शिकलेल्या पुस्तकांत नव्हतं. पण माझ्या आईत होतं. तिला फोनवर सांगितलं तर ती आधी तीनदा थुंकल्याचा आवाज काढून मग म्हणाली, "एवान्थिया, काढून टाक तो दिवा."

"काढला तर गाडी येईल, आई."

आईने पुन्हा तीनदा थुंकल्याचा आवाज काढला. मग ती म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून निळा डोळा टाचलायस ना बाबागाडीला? अजून एक टाच."

अशा अवस्थेत पालिकेचा माणूस आला. उंच, अंगात पिवळं जाकीट. गाडी त्याने इमारतीच्या दारासमोर फुटपाथवर चढवली आणि चारी दिवे लावले. मी मिर्तोला घेऊन बाहेर पडत होते. मला दारातून निघता येईना.

"ही वस्तू कुणाची?" त्याने डब्याकडे बोट दाखवून विचारलं. "पादचाऱ्यांना अडथळा होतो."

"मी पादचारी आहे," मी म्हटलं. "मला तुमच्या गाडीचा होतोय."

"मी कामावर आहे, बाई."

खिडक्या उघडल्या. कीरा पोलिक्सेनी आल्या, कीर अनेस्तिस आले. त्या माणसाने टोपी काढली, कंदिलासमोर क्रूस काढला (माणूस सज्जन होता) आणि मग नियम सांगितला. स्मृतीची खूण असेल तर हरकत नाही, मात्र मेलेल्याचं नाव हवं आणि जवळच्या नातेवाइकाने पालिकेत येऊन सांगायला हवं. तसं नसेल तर सोमवारी डबा उचलणार.

"रविवारी पाद्री येतायत इथे प्रार्थनेला," कीर अनेस्तिस म्हणाले. हे मला माहीत नव्हतं. "मग देतो नाव."

तो गेला. सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण डबा माझ्या घरातून खाली गेला होता हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हटलं, मला नाव माहीत नाही. हे निदान खरं होतं.

"काळजी करू नकोस," जिन्यात कीर अनेस्तिस म्हणाले. "बेवारस दिसतो बिचारा. माझे एक चुलते आहेत, त्यांचं नाव देऊ. पार नव्वदीत गेले."

"इथे गेले?"

"झोपेत गेले, गावी. जरा इकडे झोपले होते म्हणू. चुलते कधी हरकत घेणारे नव्हते."

त्या रात्री मी थ्रासोसला टोपीची गोष्ट सांगितली. तो उठून मिर्तोच्या पलंगापाशी गेला आणि परत आल्यावर म्हणाला, "चुलत्यांचं नाव देऊन टाकू."

रविवारी प्रार्थना होती. चर्च आमच्यापासून दोन गल्ल्या अंतरावर आहे. सगळे गाडीने आले. पापा ग्रिगोरिस, म्हणजे आमचे पाद्री, त्यांना कीर अनेस्तिसांनी आणलं. पाववाला आला, त्याची सासू वेगळ्या गाडीत आली कारण त्यांचं बोलणं नाही. फुटपाथ दोन्ही बाजूंनी भरला, रस्ता भरला, सगळीकडे चारी चारी दिवे लुकलुकत होते, जत्रेसारखे. बस आली आणि अडकली. बसवाल्याने बस बंद केली, खाली उतरला, एक मेणबत्ती घेतली आणि आमच्यात उभा राहिला. उतारावर मात्र कुणी पाय ठेवला नव्हता. तेवढी जागा कोरी, मोकळी होती.

कीरा पोलिक्सेनींनी मृतांसाठी करतात ते उकडलेल्या गव्हाचं गोड ताट केलं होतं, वर साखर थापून डाळिंबाच्या दाण्यांचा क्रूस. पापा ग्रिगोरिसांनी धुपाटणं पेटवलं, गळ्यातली पट्टी सारखी केली आणि विचारलं, "नाव काय?"

नाव घेतल्याशिवाय ही प्रार्थना पुढे जात नाही. कीर अनेस्तिसांनी घसा खाकरला. चुलते आता येणार, हे मला दिसलं. आणि त्यांच्या नावाने धूप फिरणार तो माझ्या पोरीच्या वाटेवर.

"पापा, इथे कुणी मेलेलं नाही," मी म्हटलं.

धुपाटण्याची साखळी थांबली.

"म्हणजे?" कीरा पोलिक्सेनींनी विचारलं. "मग मी इतके दिवस रडले कुणासाठी?"

"तो फक्त कंदील आहे. डबा दिसावा म्हणून लावला होता. आणि डबा, बाबागाडी जावी म्हणून." मग मला थांबता येईना. उतार, पायरी, संत्र्याचं झाड, मागून येणारी बस, सगळं सांगितलं. आरशाने उडालेली टोपीही सांगितली. बसवाला माझ्या शेजारीच उभा होता हे विसरून. त्याच्या हातातल्या मेणबत्तीचं मेण त्याच्या बोटांवर गळत होतं आणि तो बोटं हलवत नव्हता.

"मी ब्रेकचा आवाज ऐकला होता," कीर अनेस्तिस हळूच म्हणाले, पण त्यांचा त्यांनाच भरवसा उरला नव्हता.

पाववाल्याची सासू म्हणाली की देवाची अशी थट्टा तिने जन्मात पाहिली नाही. मी शिकलेली असल्याचाही कुणीतरी उल्लेख केला. पापा ग्रिगोरिसांनी धुपाटणं माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं, कंबरेवर हात ठेवले आणि कंदिलाकडे बघत राहिले. आत त्या दिवशी दोन्ही संत बाजूबाजूला होते, कारण प्रार्थनेसाठी तह झाला होता.

"असे दिवे दोन कारणांनी लावतात," ते म्हणाले. "गेलेल्यांसाठी लावतात. आणि जाता जाता राहिलेल्यांसाठी, वाचलेल्यांसाठीही लावतात. माझ्या गावच्या घाटात तर निम्मे दुसरे आहेत. लोक सगळे पहिलेच समजतात, कारण राहिलेले लोक तिथे थांबून रडत नाहीत, घरी जेवायला जातात." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "इथे कोण राहिलं?"

मी बाबागाडीकडे बघितलं. मिर्तोने ताटात हात घातला होता आणि डाळिंबाच्या क्रूसाची एक बाजू खाऊन टाकली होती.

"आणि जाणार होती कुणाच्या हातून?" पापांनी विचारलं.

आता हे मी कसं सांगणार? त्या माणसाने मला इस्पितळात नेलं होतं. मी स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले. बसवाल्याने तोंड उघडलं, पण त्याच्या आधी कीर अनेस्तिस बोलले.

"माझ्या," ते म्हणाले. "त्याला कशाला मध्ये घेता. तो रस्त्यातून चालला होता. बस रस्त्यातूनच जाते."

मागे गाड्यांचे दिवे लुकलुकत होते. मग पाववाला उगाचच जाऊन आपल्या गाडीचे दिवे बंद करून आला.

पापा ग्रिगोरिसांनी मिर्तोच्या नावाने आभाराची प्रार्थना म्हटली. ती लहान आहे, बसमधल्या लोकांनाही सोयीची पडली. "आणि माझा गहू?" कीरा पोलिक्सेनींनी विचारलं. आभाराला मृतांचा गहू चालत नाही. पापा म्हणाले, "प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी गेलेलंच असतं. त्यांची आठवण काढा आणि खा." सगळ्यांनी खाल्ला. कीरा पोलिक्सेनींनी नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं. चुलत्यांनाही दोन चमचे मिळाले.

सोमवारी पालिकेचा माणूस आला.

"मेलेल्याचं नाव?"

"मेलेलं कुणी नाही," कीर अनेस्तिस म्हणाले. "वाचलेली आहे. ही." त्यांनी मिर्तोला त्याच्यापुढे धरलं.

त्या माणसाने बराच वेळ मिर्तोकडे पाहिलं. मेलेल्यांची नोंद करायचा नियम आहे, म्हणाला, आणि कुणी मेलेलं नसेल तर डबा उचलायचाही आहे. पण वाचलेल्यांचं काय करायचं याबद्दल काही सांगितलेलं नाही. वर विचारावं लागेल. तो विचारायला गेला. अजून विचारतोच आहे.

कीर अनेस्तिस मात्र आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. जिन्यात भेटले की दिव्यांबद्दल काहीतरी पुटपुटायचे आणि वर जायचे. त्यांची गाडी आमच्या रस्त्यावर दिसेना. मला वाटलं, मी एक उतार मिळवला आणि एक माणूस घालवला. हिशेब काही मनासारखा जुळेना. थ्रासोस म्हणाला, येतील. थ्रासोस प्रत्येक बोटीबद्दलही हेच सांगतो.

मग एका सकाळी मी मिर्तोला घेऊन उतारावरून खाली येते, तर कीर अनेस्तिस समोरून टेकडी उतरत पायी आले. घामाघूम, हातात पाव, एक पाय जरा ओढत.

"वर शाळेपाशी लावतो गाडी," मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं. "तिथून चालत येतो. डॉक्टरला सांगू नकोस, तो खूश होईल."

"पायाला काय झालं?"

ते संत्र्याच्या झाडाला टेकले. "शाळेच्या कोपऱ्यावर एकाने फुटपाथवर गाडी लावली आहे. अख्खी. मला खाली उतरावं लागलं, रस्त्यात. मागून ट्रक आला." त्यांनी पाव दुसऱ्या काखेत घेतला. "कसली माणसं असतात, एवान्थिया. माणूस चालेल कुठून याचा विचारच नाही. मी त्याला म्हटलं, तर म्हणतो, चारी दिवे लावलेत ना."

मी काही बोलले नाही. फार कष्टाने बोलले नाही.

कीर अनेस्तिसांनी मिर्तोच्या गालाला हात लावला, खिशातून अंजीर काढलं, स्वतःच दातांनी त्याचा एवढासा तुकडा केला आणि तो तिला दिला. मग कंदिलाकडे बघत, अगदी सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे असा आणखी एक आहे का?"

"तिथे कोण राहिलं म्हणून सांगणार?"

ते जरा दुखावले. "मी," ते म्हणाले. "मी राहिलो की."